आखाती अरबी पोशाख: कंदुरा, थोब, दिशदाशा, बिश्त, अबाया (कापड, माप, शिलाई, निगा)

गळपट्टी

शाळेचं स्नेहसंमेलन असो, नाटक असो किंवा आखातातल्या ऑफिसांतले राष्ट्रीय दिनाचे कार्यक्रम, 'अरबी ड्रेस' म्हणून जे दिसतं त्यात बहुतेक वेळा गळा एका देशाचा, गोंडा दुसऱ्याचा आणि डोक्यावरचं कापड तिसऱ्याचंच असतं. पांढरा पायघोळ झगा म्हणजे सगळा एकच, असं आपल्याकडे धरून चालतात. तसं नाही. आखाती माणूस समोरच्याचा देश गळ्यावरून आणि डोक्यावरून ओळखतो. म्हणून हा धागा. शिवणाऱ्यांनी, विकत घेणाऱ्यांनी आणि धुणाऱ्यांनी भर घालावी.

सुरुवात पुरुषांपासून.

अमिराती कंदुरा: कॉलर नाही, गोल गळा. गळ्यापासून छातीवर लोंबणारा लांब गोंडा, त्याला तरबुशा म्हणतात. गळ्याभोवती आणि बाहीच्या टोकाला त्याच रंगाच्या दोऱ्याची बारीक वेलबुट्टी. बाहीला कफ नाही.

ओमानी दिशदाशा: हाही बिनकॉलरचा, पण गोंडा आखूड. त्याला फराखा म्हणतात. डोक्यावर कुम्मा ही टोपी किंवा मसर हा फेटा. अगाल, म्हणजे ती काळी दोरीची कडी, ओमानी पोशाखात नसते. इथे सर्वांत जास्त चुका होतात.

सौदी थोब: ताठ उभी कॉलर, बहुधा दोन बटणांची, आणि कफलिंक लावायचे दुहेरी कफ. डोक्यावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचा शमाग किंवा पांढरा गुत्रा, त्यावर अगाल.

कुवेती: कॉलर एका बटणाची, शिलाई अंगाबरोबर. कतरी: शर्टासारखी कॉलर आणि कफ, कापडाला थोडी चकाकी, पारंपरिक अगालाला मागे दोन लांब गोंडे सुटलेले. बहारीनचा थोब त्या मानाने सैल, कॉलर मऊ.

तेव्हा कॉलरवाल्या थोबावर तरबुशा शिवू नका आणि कुम्म्यावर अगाल चढवू नका. एवढं सांभाळलं तरी पोशाख कुठल्या तरी एका ठिकाणचा दिसेल.

सुईदोरा

शिलाईचं मी लिहिते.

कापड: ५८ इंची पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर पाच फूट सात-आठ इंच उंचीच्या माणसाला सव्वातीन ते साडेतीन मीटर. ४४ इंची पन्ह्यात साडेचार मीटरच्या आसपास धरा, कारण बाह्या आणि कळ्या (घेरासाठी बाजूला जोडायचे निमुळते तुकडे) बाजूला बसत नाहीत, खाली वेगळ्या कापाव्या लागतात.

आखातात पांढऱ्या थोबांना सर्रास स्पन पॉलिएस्टर वापरतात. तोयोबो आणि शिकिबो ही जपानी गिरण्यांची नावं तिथल्या प्रत्येक शिंप्याच्या तोंडी असतात. पॉलिएस्टरची कारणं साधी: चुरगळत नाही, आटत नाही, पांढरेपणा टिकतो. सुती घ्यायचं असेल तर कापण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात उंची इंच-दीड इंच वर जाते आणि घोट्यापर्यंतचा थोब पोटरीवर येतो. उलगडायला खाली माया ठेवली नसेल तर मग इलाज नाही. सुतीला खालची दुमड निदान दोन इंचांची ठेवाच.

मापं: उंची मानेजवळच्या खांद्यापासून घोट्याच्या हाडापर्यंत, चप्पल घालून. पोट सुटलेलं असेल तर पुढच्या भागाची उंची मागच्यापेक्षा इंचभर जास्त कापा. हे न केल्यामुळे समोरून उचललेला आणि मागे लोळणारा थोब जागोजाग दिसतो, आणि शिंपी म्हणतो माप बरोबर आहे. माप बरोबरच असतं, फक्त ते पोटावरून घेतलेलं नसतं.

छातीत सात-आठ इंच सैल. खालचा घेर ६० इंचांच्या आसपास. तो दोन्ही बाजूंच्या कळ्यांमधून येतो. कळ्या अरुंद कापल्या की जिना चढताना गुडघ्यात अडकतं, आणि मग लोक बाजूला चीर द्यायला सांगतात. चीर हा उपाय नव्हे, कळी रुंद करा. पाठीची रुंदी खांद्याशी अर्धा इंच जास्त ठेवा, नाहीतर गाडी चालवताना हात पुढे घेतले की मुंढ्यात ओढतं.

क्रम असा: आधी पुढच्या भागाची बटणपट्टी, मग खांदे जोडून गळा किंवा कॉलर, मग बाह्या, मग कळ्यांसकट बाजूची एकच लांब शिलाई बाहीच्या टोकापासून खालपर्यंत, आणि शेवटी खालची दुमड. दुमड घालण्याआधी कपडा एक रात्र टांगून ठेवा. कळीचा तिरका कापलेला भाग आपल्या वजनाने खाली उतरतो. तो उतरल्यावर कडा सरळ कापायची. घाई केली की दोन धुण्यांत घेर वर-खाली दिसतो.

सौदी कॉलरचं बकरम, म्हणजे ती ताठ ठेवणारं आतलं कापड, आधी गरम पाण्यातून काढलेलं हवं. कोरं बकरम चिकटवलं तर धुतल्यावर ते आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि कॉलरवर फोड येतात.

आणि खिसा! पांढऱ्या कापडातून आतला खिसा दिसतो. खिशाची पिशवी त्याच कापडाची करा आणि बाजूच्या शिलाईत थोडी मागे बसवा. काळा मोबाइल मांडीवर दिसायला नको असेल तर खिसा आतून दुहेरी करा.

पन्हा५८

सुईदोरा, छान लिहिलंत. एक भर. कळ्या कापताना कापडाची उभी तार कळीच्या सरळ बाजूला ठेवायची की तिरक्या, हे नक्की ठरवा आणि चारही कळ्यांना तेच करा. सरळ बाजू पुढच्या-मागच्या भागाला जोडली जाते आणि दोन तिरक्या बाजू एकमेकींना. सरळला तिरकी जोडली की शिलाईला पीळ पडतो. इस्त्रीने तो जात नाही.

बाकी कंदुऱ्याचा गोंडा करायची पद्धत: कापडाच्याच रंगाचा रेशमी दोरा जाड पुठ्ठ्यावर गुंडाळायचा, एका बाजूने घट्ट बांधायचा, दुसऱ्या बाजूने कापायचा, मान आवळायची. हा आपल्याकडच्या गोंड्याचाच प्रकार. लांब वेणीसारखा भाग मात्र वेगळा विणून गळ्याच्या फटीत आतून पक्का शिवतात. नुसता टाचला तर पहिल्याच धुण्यात हातात येतो.

अत्तरदाणी

गोंड्याचं कामही सांगायला हवं. अत्तर तिथे लावतात, गोंड्याला. ऊद किंवा गुलाबाचं तेलकट अत्तर पांढऱ्या कापडावर थेट लागलं तर पिवळा डाग पडतो, तो उन्हात आणि इस्त्रीखाली आणखी पक्का होतो. गोंड्यात दोरे दाट असतात, वास धरून ठेवतात, आणि मान वळवली की नाकाशी येतो. कपड्याला वास हवा असेल तर बखूरची धुरी. मबखरा म्हणजे आपली धूपदाणीच. निखारा राख धरेपर्यंत थांबायचं, मग ऊदाचा तुकडा ठेवायचा आणि कपडा हातभर उंचीवर धरायचा. पॉलिएस्टर निखाऱ्याजवळ नेलं तर क्षणात भोक पडतं, तेव्हा अंतर सोडू नका.

शारजाकर

आत काय घालतात ते राहिलं. अमिरातीत आणि ओमानमध्ये कंदुऱ्याखाली विझार, म्हणजे पांढरी सुती लुंगीच. वर बनियन. सौदीत सरवाल, पांढरा पायजमा किंवा गुडघ्याखालपर्यंतची चड्डी. विझार फक्त रिवाज म्हणून नाही. एसीच्या कोरड्या हवेत पॉलिएस्टरला स्थिर वीज धरते आणि कापड पायाला चिकटतं. मधे सुती थर असला की झोळ मोकळा पडतो, शिवाय पारदर्शकपणा झाकला जातो. कंदुरा नीट पडत नाही अशी तक्रार असेल तर आधी आत काय आहे ते बघा. रंगीत किंवा पट्ट्यापट्ट्यांची चड्डी तर नकोच.

पांढरा रंग मुख्यतः उन्हाळ्यातला. थंडीत तपकिरी, राखाडी, गडद निळे, थोडे लोकरमिश्रित थोब सर्रास दिसतात आणि शमागही जाड येतात.

खळ_इस्त्री

डोक्याचं सविस्तर लिहितो, कारण पोशाख बिघडतो तो इथेच.

तीन थर. आत टोपी: अमिरातीत तिला गहफिया म्हणतात, सौदीत ताकिया. तिच्यावर गुत्रा किंवा शमाग, साधारण सव्वा ते दीड मीटरचा चौकोन. त्यावर अगाल.

टोपी घट्ट हवी. सैल टोपी कापडासकट सरकते आणि माणूस दिवसभर अगाल सारखा करत बसतो.

गुत्रा धुतल्यावर पातळ खळ द्या. ओलसर असतानाच इस्त्री, आडव्या-उभ्या तारेवर. तिरकी ओढलीत तर चौकोनाचा पतंग होतो. मग कर्णावर दुमडून त्रिकोण. दोन्ही कडा तंतोतंत एकावर एक आणू नका, अर्धा इंच मागेपुढे ठेवा म्हणजे कड जाड दिसत नाही. दुमडीच्या बरोबर मध्यावर इस्त्रीच्या टोकाने छोटी उभी घडी दाबा. सौदी लोक कपाळावरच्या या उंचवट्याला मिरझाम म्हणतात.

घालताना: घडीचा मध्य नाकाच्या रेषेत, कडा भुवयांच्या वर दोन-तीन बोटं. दोन्ही टोकं समान लोंबतात का बघा. मग अगाल दोन्ही हातांनी वरून, आधी मागे टेकवून मग पुढे, किंचित मागे कललेला. शेवटी चिमटीने मिरझाम उचलायचा. त्यानंतर टोकं हवी तशी: दोन्ही खांद्यांवरून मागे, किंवा एक पुढे एक मागे.

अगालाचं माप टोपी आणि कापड डोक्यावर ठेवून घ्या, नुसत्या डोक्याचं नव्हे. लहान अगाल अर्ध्या तासात कपाळ दुखवतो, मोठा भुवयांवर उतरतो. अगाल धुवायचा नाही. लोकरीचा पीळ असतो, पाण्याने आकार जातो. कोरड्या ब्रशने झटकायचा आणि आठाच्या आकारात न पिळता सपाट ठेवायचा.

खळ जास्त झाली की शमाग कागदासारखा उभा राहतो आणि रोज त्याच जागी दुमडल्याने तिथले धागे तुटतात. जुन्या शमागांना मध्यावरच रेघ फाटलेली असते ती याने. दर धुण्याला घडीची जागा बोटभर सरकवा.

सुईदोरा

नव्या लाल शमागाचा रंग पांढऱ्यावर उतरतो. मिठाच्या पाण्यात भिजवावा का?

खळ_इस्त्री

मिठाने रंग पक्का होत नाही, आणि भिजत ठेवणं हेच चुकीचं. पहिली दोन-तीन धुणी वेगळी, थंड पाण्यात, पटकन. लगेच झटकून टांगा. ओला शमाग गोळा करून ठेवला की गुलाबी झालाच समजा.

मस्कतकर

ओमानचं थोडं वेगळं असल्याने सलग लिहितो.

कुम्मा: वरची गोल चकती आणि बाजूची पट्टी, दोन्ही दुहेरी पांढऱ्या सुती कापडाच्या. नक्षी छापलेली नसते. कापडाला बारीक भोकं पाडून प्रत्येक भोक रेशमी दोऱ्याने काठाकाठाने बांधतात, आपल्या काज्यासारखं. ही भोकं शोभेचीही आणि वारा खेळायलाही. हाताचा कुम्मा व्हायला महिना सहज लागतो, दाट नक्षीला त्याहून जास्त. मशीनचा ओळखायचा असेल तर आतून बघा: मशीनच्या कामात सगळे टाके एकसारखे आणि मागे दुसऱ्या दोऱ्याची जाळी दिसते. या टोपीचं नातं झांझिबारशी आहे. ओमानी सुलतानांची सत्ता तिथे होती आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिची भावंडं आजही घालतात.

धुताना चोळायचा नाही. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून मऊ ब्रश, आणि डोक्याच्या मापाच्या पालथ्या भांड्यावर वाळवायचा. दोरीवर टांगलेला कुम्मा लंबगोल होतो.

मसर: लोकरी चौकोन, काठाला आणि कोपऱ्यात भरतकाम. चांगला मसर काश्मिरी पश्मिन्याचा, आणि हे कापड पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानातून तिथे जातं. बांधणी: कर्णावर त्रिकोण, त्रिकोणाच्या तळाची दोनदा दुमडून पट्टी, पट्टी कपाळावर, टोक मागे. दोन्ही शेव मागे नेऊन एकमेकांवरून ओलांडून पुढे आणायचे, एक कपाळावर तिरका जातो, दुसरा त्याला छेदतो, आणि टोकं बाजूला खोचायची. मागचा त्रिकोण वर घेऊन आत खोचला की पाठ मोकळी दिसते. भरतकामाचा कोपरा मागे दिसला पाहिजे. तो आत गेला तर त्रिकोण उलटा धरलाय. आत कुम्मा असला तर मसर उंच आणि टणक बसतो. राजघराण्याची सईदी बांधणी आणि तिचे रंग वेगळे असतात, त्यांची नक्कल नाटकातही टाळावी.

समारंभात कमरेला चांदीच्या पट्ट्यात खंजीर आणि हातात असा, म्हणजे बारीक काठी. नेहमीच्या खंजिराच्या म्यानावर चार कड्या असतात, सईदी खंजिराला सात. खंजिराची कारागिरी २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. तो पोटाच्या बरोबर मध्यावर येतो, बाजूला तलवारीसारखा लटकवायचा नाही.

शारजाकर

अमिरातीतही अगालाशिवाय गुत्रा बांधतात, त्या बांधणीला हमदानिया म्हणतात. तरुणांत फार चालते. त्रिकोण डोक्यावर, एक शेव हलका पीळ देऊन कपाळावरून फिरवून मागे, दुसरा त्याच्या उलट दिशेने, टोक मागच्या पिळात खोचायचं. त्यासाठी बिनखळीचा मऊ गुत्रा लागतो. कडक गुत्रा पीळ धरत नाही.

जरीकाठ

बिश्तबद्दल कुणी लिहिलं नाही. १८ डिसेंबर २०२२ ला लुसैलमध्ये विश्वचषक उचलताना मेस्सीच्या खांद्यावर कतरच्या अमिरांनी जो काळा, पातळ, सोनेरी काठाचा झगा चढवला तो बिश्त. रोजचा कपडा नव्हे. लग्न, ईद, दरबार, पदवीदान अशा वेळचा.

कापड उंटाच्या, बकरीच्या किंवा मेंढीच्या लोकरीचं. उन्हाळी इतकं झिरझिरीत की आतला थोब दिसतो, हिवाळी जाड. सौदीच्या पूर्वेकडचा अल-अहसा हा हाताच्या बिश्तचा माहेरगाव. तिथल्या कामाला हसावी म्हणतात. काठाच्या सोनेरी तारेला तिथेही शब्द जरीच, आणि चपट्या तारेला बदला. येवल्या-पैठणच्या कारागिराला ओळख करून द्यावी लागणार नाही. कामाचे टप्पे वेगवेगळ्या हातांतून जातात: गळ्याभोवतीची पट्टी, पुढच्या उभ्या पट्ट्या, भराव, किनारीची दोरी. शेवटी जरी हातोडीने ठोकून सपाट करतात. त्या ठोकण्यानेच तारेला एकसंध चमक येते. न ठोकलेली जरी खडबडीत लागते आणि गुत्र्याच्या धाग्यांत अडकते. गळ्याशी दोन सोनेरी दोऱ्या, त्यांच्या टोकाला गोंडे.

घालायची रीत: बहुधा डावा हात बाहीत. उजवी बाजू मोकळी सोडून तिचा काठ पुढून आणून डाव्या हाताशी धरायचा, म्हणजे उजवा हात हस्तांदोलनाला मोकळा राहतो. उंची घोट्याच्या थोडी वर. जमिनीला लागली की जरीचा काठ पहिल्याच दिवशी उसवतो.

निगा पैठणीचीच. जरीवर इस्त्री नाही, अत्तर नाही, डांबराच्या गोळ्या थेट कापडाला लागू द्यायच्या नाहीत. जुन्या सुती मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि तार काळी पडते. जरीच्या पट्टीवर घडी पडू देऊ नका, पट्टी सरळ ठेवून मधलं कापड दुमडा. दोन-तीन महिन्यांनी उघडून घडी बदला.

सुईदोरा

आता बायकांचं.

आधी एक गोंधळ मिटवू. आपण ज्याला बुरखा म्हणतो तो तिथे अबाया. अमिरातीत 'बुरका' म्हणजे फक्त चेहऱ्यावरचा मुखवटा, त्याला बत्तूला असंही म्हणतात. निळीने रंगवून घोटलेलं सुती कापड, घोटल्यामुळे धातूसारखी सोनेरी-जांभळी चमक. कपाळाची पट्टी, नाकावर उभी कडा, तिच्या आत बारीक काडी, खाली ओठ झाकणारा भाग आणि मागे बांधायच्या दोऱ्या. हे कापड हिंदुस्थानातूनच जायचं. निळीचा रंग घामाने गालावर उतरतो. आता तो मुख्यतः वयस्क स्त्रियांच्या चेहऱ्यावर दिसतो.

अबाया: मापाचे आकडे ५०, ५२, ५४, ५६, ५८, ६० असे येतात. ते छातीचे नाहीत, खांद्यापासून खालपर्यंतची लांबी इंचांत. आपल्या उंचीतून साधारण नऊ इंच वजा करा. पाच फूट चार म्हणजे ६४, तेव्हा ५४ किंवा ५६. टाचेची चप्पल नसेल तर ५४ घ्या. लांब अबाया सरकत्या जिन्यात अडकतो. तिथे पुढचा घोळ हातात धरूनच उभं राहायचं.

कापड नीदा किंवा क्रेप. नीदा गुळगुळीत, धूळ धरत नाही, जड पडतो. क्रेपचा झोळ सुंदर, पण कण बसतात. फराशा म्हणजे फुलपाखरी आकाराचा अबाया शिवायला सर्वांत सोपा: कापड आडवं दुमडून अंग आणि बाह्या एकातच. ५६ लांबीला दुप्पट ११२ इंच, दुमड धरून ६० इंची पन्ह्याचं तीन मीटर. शेला, म्हणजे डोक्यावरची ओढणी, वेगळा, दोन मीटर लांब. चूक होते ती गळ्यात. गळा दुमडीच्या मध्यावर कापला तर अबाया मागे सरकतो. पुढे खोल आणि मागे अर्धाच इंच कापा, शिवाय पूर्ण गळा दीड इंच पुढे घ्या.

शेल्याला जॉर्जेट घेतलं तर आत सुती टोपी हवीच, नाहीतर दर पाच मिनिटांनी घसरतो. एक बाजू आखूड, एक लांब. हनुवटीखाली टाचणी, लांब बाजू डोक्यावरून फिरवून विरुद्ध खांद्यावर.

काळा रंग टिकवायचा तर उलटा करून थंड पाण्यात, काळ्या कपड्यांच्या द्रव साबणाने, सावलीत. उन्हात काळा विटून तांबूस होतो. इस्त्री उलट्या बाजूने किंवा वर सुती फडकं ठेवून. थेट इस्त्रीने शिवणीवर चकाकी येते आणि ती पुन्हा जात नाही.

जरीकाठ

घरातल्या आणि समारंभाच्या कपड्यांचा उल्लेख हवा. अबाया हा बाहेरचा थर. आत अमिराती मुखव्वर, म्हणजे पायघोळ झगा, गळ्याला आणि बाहीला भरतकाम. त्याखाली सरवाल, ज्याच्या घोट्याला तल्लीची पट्टी. तल्ली म्हणजे कजूजा नावाच्या गोल उशीवर टाचून विणलेली फीत. दोऱ्यांच्या रिळांच्या जोड्या आलटून-पालटून ओलांडायच्या आणि मधून चपटी चमकदार तार न्यायची. तार वळली की चमक तुटते, म्हणून दर फेरीला बोटाने सपाट करावी लागते. ही कलाही २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. सण-समारंभाला सगळ्यावरून थोब नशल: झिरझिरीत, प्रचंड रुंद, जरीने भरलेला. त्याच्या बाह्या इतक्या मोठ्या की एक बाही डोक्यावर घेतात.

पन्हा५८

सौदीत परदेशी बाईला अबाया घालावाच लागतो का? घ्यायला सांगतात म्हणून विचारतो.

गळपट्टी

सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला तेव्हापासून परदेशी स्त्रियांना अबायाची सक्ती नाही. अंगभर, सैल कपडे हवेत. मशिदीत जाताना मात्र अबाया आणि डोक्यावर कापड लागतं. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीतही डोकं आणि हातपाय झाकलेले बघूनच आत सोडतात.

वर लिहायचं राहून गेलं: २२ फेब्रुवारीच्या सौदी स्थापना दिनाला आजचा ताठ कॉलरचा थोब चालून जातो, पण त्या दिवशीचा खरा जुना कपडा मुरव्दन. बाह्या त्रिकोणी, टोकं गुडघ्यापर्यंत लोंबणारी. नज्दी अर्दा नाचताना ती दंडाला गुंडाळतात किंवा मानेमागे बांधतात. कुणी शिवणार असेल तर बाहीचं टोक वेगळं जोडू नका, एकाच कापडातून कापा. जोड नेमका कोपराखाली येतो आणि हात वर केला की तिथेच उसवतो.

पन्हा५८

त्याला कापड किती?

सुईदोरा

५८ पन्ह्यात साडेपाच मीटर घ्या. बाह्यांचे दोन त्रिकोण उलटसुलट मांडून कापले तर पाचात बसतं, पण उलटसुलट मांडणी फक्त बिनलवीच्या, बिनचकाकीच्या कापडाला चालते. चकाकी असेल तर एक बाही फिकी आणि एक गडद दिसेल.